पहाटेच्या टाळ्या

नौफाने तंबूचा दोर चिमटीत दाबून पाहिला. रात्री दव पडलं नव्हतं, तरी शेळीच्या केसांचा तो दोर फुगून ताठ झाला होता. तिने मान वर केली. सूर्य अजून कड्यांमागेच होता, पण आभाळ डाळिंब फोडल्यासारखं लाल झालं होतं, आणि ती लाली पार पश्चिमेच्या डोंगरापर्यंत पोचली होती. शेळ्या कोरड्या ओढ्यात उतरायला तयार नव्हत्या.

ओढ्याच्या मऊ वाळूत चार तंबू होते. सूर्योदय इथूनच चांगला दिसतो म्हणून मुतलकने, तिच्या लेकाने, ते हट्टाने तिथे लावायला लावले होते. त्यातले तीन पैसे देऊन वाळवंट बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांचे. सगळ्यांत खालच्या तंबूत सून गझील आणि चाळीस दिवसांची नात.

"ये ना आई, पाहुणे खोळंबलेत!"

पहाटेच्या चहाबरोबर आईने आभाळ वाचून दाखवायचं, हा त्याच्या सहलीतला रोजचा कार्यक्रम. नौफा पाहुण्यांसमोर उभी राहिली.

"वरच्या पठारावर पाऊस झालाय. दुपारच्या आत पाणी इथून जाणार. आत्ताच्या आत्ता सामान हलवा."

मुतलक पाहुण्यांच्या भाषेत हसत हसत काहीतरी बोलला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नौफाची कानशिलं तापली.

"काय सांगितलंस त्यांना?"

"तू म्हणालीस तेच."

"पूर येणार म्हटल्यावर टाळ्या पिटतात होय यांच्या देशात?"

"हळू बोल गं. फोनमध्ये दिवसभर ऊन दाखवलंय. आज जरा जास्तच रंगलंय तुझं."

"रंगलंय? माझ्या आईने मला आभाळ वाचायला शिकवलं, ते तुझ्या चहात बुडवून खायला का रे?"

ती तरातरा खालच्या तंबूत गेली. झोपलेलं बाळ अलगद उचलून तिने गझीलच्या कुशीत दिलं.

"कड्यावर चढ."

"पण आत्या, हे काय म्हणतील?"

"त्याला मी बघते."

आणि वाकून तिने पहिली खुंटी उपटली. मुतलक धावत आला. दोराकडे गेलेला त्याचा हात मध्येच थांबला. तंबू बाईचा. विणते ती, उभारते ती, पाडतेही तीच. पाहुण्यांसमोर आईच्या हातून दोर हिसकावला असता, तर जमातीत कुणी त्याला शेजारी बसवून घेतलं नसतं.

"अब्रू घालवतेस माझी!"

"ती पण वर नेऊन ठेव. कोरडी राहील."

पाहुण्यांना हाही कार्यक्रमच वाटला. त्यांनी फोटो काढले. पिकल्या केसांच्या एका बाईने तर स्वतः दोन खुंट्या उपटल्या. हसतखिदळत सतरंज्या, उशा, पातेली वर गेली. शेवटची किटली घेऊन मुतलक धुसफुसत चढला.

वर पोचल्यावर त्या बाईने काहीतरी विचारलं.

"विचारतेय, खेळ संपला का," मुतलक आईकडे न बघता म्हणाला.

नौफा नातीच्या उघड्या पावलांवर दुपटं सारखं करत राहिली.

तेवढ्यात वारा फिरला. इथे एक थेंबही पडला नव्हता, पण वरच्या घळीतून ओल्या मातीचा वास आला. मुतलकने किटली खाली ठेवली. पुन्हा एकदा वास घेतला. मग तो पाहुण्यांकडे वळला आणि त्यांच्या भाषेत, न हसता, सावकाश बोलला.

या खेपेस कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.