जास्तीचे सोळा किलोमीटर

पाणीखात्यात सत्तावीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला तुम्ही फसवून बघाच. लोकांनी काय काय केलं नव्हतं! मीटर उलटा बसवला, आत सुई खुपसली, काचेवर चिखल थापला, एका बाईंनी तर मीटरच्या झाकणावर कुत्रा बांधला. पण रीडिंगवाल्यांनी (गल्लीत त्यांना याच नावाने ओळखत) सगळ्यांना पकडलं. आरडाओरडा नाही, विचारपूस नाही. आकडा लिहायचा, काचेवर पेन्सिलीची बारीक खूण करायची आणि पुढच्या महिन्यात यायचं. माणसाला विचारलं की तो हमखास थापा मारतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

असा हा माणूस बायकोला मागे बसवून पाच दिवसांच्या घाटवाटांवर निघाला होता. वीस वर्षं घोकलेला बेत होता. आधी मुलीची शाळा आडवी आली, मग सासऱ्यांचं आजारपण, मग घराचं छप्पर. शेवटी मुलगी सासरी गेली आणि रीडिंगवाले म्हणाले, आता नाही तर कधीच नाही. मोटरसायकल तीच जुनी, लग्नानंतर घेतलेली. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. खुद्द जावयाने एकदा चावी मागितली, तर "चालत जा, तब्येतीला बरं," असं उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या अंगणात ते गाडी पुसायला गेले आणि जागीच थबकले.

त्यांची एक सवय होती. रोज संध्याकाळी गाडी लावली की किलोमीटरचा आकडा वहीत टिपायचा. काल टिपला होता अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारा. आता काट्यात दिसत होते दोनशे सोळा.

चार किलोमीटर. रात्रभर एका जागी उभी असलेली गाडी चार किलोमीटर चालली?

त्यांनी वही पुन्हा पाहिली. आकडे वेडेवाकडे आले होते खरे, पण ते थंडीने. या डोंगरात बोटं आखडतात, पेन्सिल धड धरता येत नाही, म्हणून तर हातमोजा चहा पितानाही काढवत नव्हता. पण बारा म्हणजे बाराच. रीडिंगवाले आकडा चुकत नसत.

खोलीत आले तर बायको केस विंचरत होती. ती बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव भाजायची, त्यामुळे चारला डोळे उघडायचे ही तिची जन्माची खोड. गाल थंडीने लाल झालेले.

"बाहेर गेली होतीस का गं?"

"जरा पाय मोकळे करून आले. का हो?"

"काही नाही. सहज."

आणि त्यांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. उजव्या बुटाला नाही, फक्त डाव्या बुटाच्या वरच्या बाजूला काळा डाग होता. तो कशाचा, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की! नवरा-बायकोत कसली आलीय चोरी? पण रीडिंगवाल्यांच्या डोळ्यांसमोर आधीच एक करडं जाकीट उभं राहिलं होतं. आदल्या दुपारी चहाच्या टपरीवर भेटलेला तो माणूस गुरांचा डॉक्टर होता. डोंगरातल्या गावागावांत मेंढ्यांना इंजेक्शनं देत स्वतःच्या मोटरसायकलवरून फिरायचा. वाट एकच, गावात लॉजही एकच, त्यामुळे मुक्कामही एकाच छपराखाली पडायचा. टपरीवर रीडिंगवाले हात धुऊन परत आले तेव्हा बायको त्याला काहीतरी विचारत होती, अगदी मान खाली घालून, हळू आवाजात. रीडिंगवाले दिसताच दोघंही गप्प. मग करडं जाकीट म्हणालं, "हवा छान आहे, नाही का?" हवा कसली छान! धुकं पडलं होतं, समोरचं दिसत नव्हतं.

त्या दिवशी रस्त्यावर आणखी पुरावा सापडला. पंचवीस वर्षं बायको मागे बसली की दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती घालायची. आता एक हात खांद्यावर ठेवून ती उजवीकडून मान काढून पुढे बघत होती. पुढे काय होतं? वळणामागून वळण, आणि दूरवर करड्या जाकिटाची गाडी.

"नीट बस की!" ते ओरडले.

"बसलेय हो. तुम्ही पुढे बघा."

पुढे बघा म्हणे! पंचवीस वर्षांचा संसार. भांडणं झाली, अबोले झाले, पण बायको आपली आहे याबद्दल कधी आकडेमोड करावी लागली नव्हती. त्यांनी मनाशी ठरवलं, वरची खिंड ओलांडण्याआधी छडा लावायचा. खोटं निघालं तर तिथूनच गाडी माघारी वळवायची, तिला तिच्या भावाकडे सोडायचं आणि एकट्याने घरी जायचं. हे ठरवताना डोळे भरून आले, पण हेल्मेटच्या आत कोण बघतंय?

संध्याकाळी त्यांनी ठेवणीतली युक्ती काढली. आकडा टिपलाच, शिवाय खडूने पुढच्या टायरवर रेघ मारली, जमिनीला टेकते तिथे. गाडी तसूभर हलली तरी रेघ चुगली करणार. पहाटे जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण गार होतं. उजाडल्यावर खाली जाऊन पाहिलं, रेघ आभाळाकडे तोंड करून होती आणि काट्यात सहा जास्त.

नाश्त्याला करडं जाकीट शेजारच्याच टेबलावर. बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. एवढं न पाहणं म्हणजे ठरवून न पाहणंच की! रीडिंगवाल्यांनी डाव्या हाताने कप उचलला आणि अर्धा चहा न पिताच ठेवला.

तिसऱ्या दिवशी उतारावर एक वळण घेतलं आणि समोर मेंढ्याच मेंढ्या. ब्रेक लागला, पण उशिरा. मागचं चाक फरफटत कडेच्या दगडांपर्यंत गेलं, आणि दगडांपलीकडे काही नव्हतं. बायकोने त्यांचा पट्टा मुठीत धरला होता. रीडिंगवाल्यांनी मेंढ्यांना शिव्या घातल्या, मेंढपाळाला घातल्या, रस्ता बांधणाऱ्याला घातल्या. बायको एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मन खात असेल तिला, त्यांना वाटलं. खाऊ दे.

मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी होता. उद्या खिंड चढायची आणि पलीकडे एक्केचाळीस वळणं उतरायची. गाडी लावताना रीडिंगवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि पेट्रोलचा कॉक बंद केला. तो ते कधीच बंद करत नसत, गाडी घेतल्यापासून नाही. बंद कॉकवर गाडी सुरू होते, थोडीफार पळते, आणि नळीतलं पेट्रोल संपलं की मान टाकते. म्हणजे चोर वाटेतच अडकणार, आणि आपण चालत जाऊन पकडणार. सत्तावीस वर्षांत एवढा नामी सापळा त्यांनी लावला नव्हता.

पहाटे ते डोळे मिटून जागे होते. बायको उठली. खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून चावी काढताना एवढासा आवाज झाला. खाली गाडी ढकलत नेली, उतारावर. मग बऱ्याच लांबून इंजिन सुरू झालं.

रीडिंगवाल्यांनी बूट चढवले. नाडी बांधायला बसले तर उजव्या हाताची दोन बोटं जुमानेनात. मरो ती नाडी, म्हणत ते तसेच बाहेर पडले.

उजाडत होतं. दहा मिनिटं चालल्यावर रस्ता एका मोठ्या वळणावर दुमडला होता, आणि कठड्यावर, अपेक्षेप्रमाणे, करडं जाकीट बसलं होतं. ते एका खडकाआड उभे राहिले.

बायको गाडीवर होती. एकटीच. वळण उतरून खाली जात होती, गाडी वळवून पुन्हा वर येत होती.

"उतरताना गिअर आधी पाडा, ताई," करडं जाकीट ओरडलं. "ब्रेकवर भरवसा ठेवू नका. आणखी एकदा!"

डाव्या बुटावरचा काळा डाग. गिअर बदलायच्या दांडीचा. रीडिंगवाल्यांना तो आत्ता वाचता आला.

ती खालून चढत वळणाच्या ऐन मध्यावर आली आणि इंजिनाने दोन उचक्या दिल्या. मग गप्प. गाडी थांबली आणि मागे घसरू लागली. मागे कठडा नव्हता, तिथे तो तुटलेला होता.

रीडिंगवाल्यांना एकदम आठवलं. कॉक. आपण बंद केलेला कॉक.

तिने दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक आवळला. चारही बोटं, पांढरी पडेपर्यंत. गाडी थरथरली आणि अडली. डॉक्टर धावला, त्याने मागच्या चाकाखाली दगड सरकवला. खडकाआड उभ्या माणसाचा उजवा हात आपोआप हवेत आवळला गेला होता. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं मिटली होती. दोन तशीच, कुणा परक्याची असावीत तशी, उघडी.

या हाताने गाडी अडली नसती.

बायकोने टाकीखाली चाचपलं. "कॉक बंद आहे!"

"काल कुणी केला?"

"कुणी नाही. आमचे हे तर कॉक कधीच..." आणि तिने मान वळवली. नाड्या लोंबकळणारे बूट घालून नवरा रस्त्याच्या मध्यात येऊन उभा होता.

डॉक्टर शहाणा माणूस. म्हणाला, "पलीकडच्या वाडीत मेंढ्या वाट बघतायत माझी," आणि चालता झाला.

"तुम्ही केलात?" बायकोने विचारलं.

"हो."

"मेले असते की हो मी!"

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं? बोला ना!"

त्यांनी करडं जाकीट गेलं त्या दिशेला नुसतं पाहिलं. बायकोला कळायला क्षणभर लागला. मग ती हसली की रडली हे सांगता येणार नाही, दोन्ही एकदम झालं असावं. "त्या इंजेक्शनवाल्याशी? अहो, त्याच्या अंगाला मेंढ्यांचा वास येतो!"

"मग चोरून कशाला?"

"मागितली असती चावी, तर दिली असतीत?"

खोटं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही."

"तीन महिने झाले, तुम्ही डाव्या हाताने कप धरता. शर्टाची बटणं मी लावते ते तुम्हाला लाडाने वाटतं? हात दाखवा म्हटलं की ताटावरून उठता. मी मागे बसते हो. ब्रेक कुठल्या बोटांनी दाबता ते मला दिसतं, म्हणून तर मान काढून बसते. काल तर दाबलाच गेला नाही, नुसता पायाचा लागला." तिचा आवाज चिरकला. "लग्नाआधी मी बाबांच्या गाडीवरून पेपर टाकायचे. तुम्ही ते ऐकून हसला होतात. आठवत होतं थोडं. घाटाचं येत नव्हतं, म्हणून त्या डॉक्टरला विचारलं. वाटलं, खिंडीच्या वर पोचलं की सांगेन, उतरायचं मी बघते. तोवर मला चालवता यायला तर पाहिजे ना!"

"तू सरळ म्हणाली असतीस, परत फिरू."

"वीस वर्षं तुम्ही या घाटांचा नकाशा घरी भिंतीवर लावलाय. कोणत्या तोंडाने म्हणू?"

रीडिंगवाल्यांनी हातमोजा काढला. म्हणजे डाव्या हाताने आणि दातांनी काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो हात तिच्यासमोर धरला. तिने तो दोन्ही हातांत घेतला, पाव मळताना पीठ दाबावं तसा हळूहळू दाबला.

"दुखतं?"

"कळतच नाही गं. तेच तर." आणि मग ते रडले, अगदी उघड्यावर. "भीती वाटते मला. लोखंडी झाकणं उचलायची माझी नोकरी. खात्यात कळलं तर काय?"

"घरी गेलं की आधी हाडांच्या डॉक्टरकडे. मग खातं. आत्ता नाड्या बांधते, पाय पुढे करा."

लॉजवर परतून त्यांनी सामान बांधलं. खिंड तिनेच चढवली. वर वाऱ्यात दोघांनी एकाच कपातून चहा घेतला, मग एक्केचाळीस वळणं. रीडिंगवाले मागे बसून प्रत्येक वळणावर "अगं, हळू! गिअर! अगं, ट्रक!" असं बोंबलत होते, आणि ती प्रत्येक वेळी "बसलेय ना मी?" म्हणत होती. विसाव्या वळणापासून ते गप्प झाले. तिच्या खांद्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तिच्या कमरेभोवती घातले.

खाली पोचल्यावर तिने गाडी लावली. सवयीने त्यांनी डाव्या हाताने वही काढली, काट्याकडे वाकले, आणि मग वही आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"तूच लिही."

तिने आकडा लिहिला, सरळ, टपोरा. आधीच्या वेड्यावाकड्या आकड्यांची पानं एकदा चाळली. मग बोटांवर हिशेब करून म्हणाली, "परवा चार, काल सहा, आज पहाटे सहा. हे जास्तीचे सोळा किलोमीटर कुणाच्या नावावर टाकू?"

"तुझ्या."

"आणि कॉक?"

रीडिंगवाल्यांनी हातमोजा खिशात कोंबला.

"तो माझ्या नावावर."

तिने तेही लिहिलं.