दोन रबरी, एक कडक

आमच्या घरात भांडण झालं की निकाल मी देते आणि तो ठरलेला असतो: थोडं तुझं, थोडं तुझं. पोरं लहान होती तेव्हा खिडकीच्या जागेवरून भांडायची. जाताना एकाला खिडकी, येताना दुसरीला. हे गेले, गॅरेज माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा कामगारही तसेच सांभाळले. चौथीच्या पुढे मी शाळा बघितली नाही. पण मोठमोठ्या पदव्यांची माणसं गाडी दारात लावून "मावशी, आवाज कुठून येतोय बघा ना" म्हणतात, तेव्हा गर्व वाटला तर तो फुकटचा नाही.

त्या सकाळी भांडण पेटलं ते भोपळ्यावरून. भोपळा आम्ही म्हणतो, खरं नाव डिफरन्शिअल. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देतो. तीन माउंटांवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या जाड बुशांवर, तो गाडीच्या सांगाड्याखाली टांगलेला असतो. दोन पुढे. तिसरं मागे, झाकणाला जो जाडजूड कान असतो त्यात. गाडी शर्यतीची होती आणि तिच्या कंपनीच्या माउंटांच्या फाटून चिंध्या झाल्या होत्या.

गाडी चालवणार होती माझी धाकटी. जन्मल्यापासून एका जागी टिकत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. त्याच दुपारी डोंगराच्या रस्त्यावर तिची चाचणी होती. एका शर्यतीच्या संघाला नवा ड्रायव्हर हवा होता. रस्ता बंद करून, घड्याळ लावून, तीन फेऱ्या. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि तिच्या काठाने दगडी कठडा, तोही जागोजागी पडलेला.

टेबलावर तीन खोकी उघडी होती. एकात रबर, एकात पिवळं पॉली, एकात अ‍ॅल्युमिनियम.

"अ‍ॅल्युमिनियम. तिन्ही," भिंगरी म्हणाली. "मी पाय दाबते, गाडी आधी विचार करते आणि मग निघते. मला विचार करणारी गाडी नकोय."

"बरोबर आहे. तू विचार करत नाहीसच, गाडीनेही नको करायला," थोरला म्हणाला. गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. "रबर घाल. कडक घातलंस तर सगळे धक्के सांगाड्याला. वेल्डिंग उसवेल."

"दादा, तुला गाडी नको, सोफा हवाय."

"मला बहीण अख्खी हवीये."

"मग पॉली घाला ना, मधलं," कोपऱ्यातून आमचा लेथवाला म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी तो पिवळा तुकडा उचलून दाबून बघितला. "हे? हे तर बाळाला दात येताना चावायला द्यावं असलं आहे. प्लॅस्टिकवर मी गाडी टांगत नाही." लेथवाला आपल्या लेथकडे वळला.

घड्याळात दहा वाजले होते. एक वाजता निघायचं होतं. दोघं हटून बसली, आणि मी नेहमीचं केलं.

"पुढची दोन रबराची. मागचं एक अ‍ॅल्युमिनियमचं. तुझंही झालं, त्याचंही झालं. लागा कामाला."

थोरला गाडीखालून सरकून बाहेर आला. चेहऱ्यावर ग्रीस, हातात पाना. "आई, असं अर्धं-अर्धं नको. एक तर तिन्ही..."

"तू मला शिकवणार? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी माउंट बदलतेय."

"तसं नाही गं, पण भोपळा जर पुढून..."

"एक शब्द नको."

त्याने खोक्यातून तुकडे उचलले आणि परत खाली गेला. भिंगरीने माझ्या गालाचा मुका घेतला. "टिकेल ना गं?"

"मरेपर्यंत टिकेल," मी म्हणाले. बोलून गेले खरी.

डोंगराच्या पायथ्याशी पाच-सहा गाड्या होत्या. जो तो आपल्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला. संघाचा माणूस खुर्ची टाकून बसला होता, गळ्यात घड्याळ. चढाच्या तोंडाशी झेंडेवाला उभा. आमच्या जागेपासून तो दोनशे पावलं तरी लांब असेल.

पहिली फेरी भिंगरीने अशी मारली की संघाचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. दुसरी त्याहून जोरात. परत आली तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच हसत होती. "आई, काय निघते गं ही! नुसता पाय दाखवला की निघते."

"कुणी घातलीत माउंट?" मी म्हणाले.

थोरला चाकाशी उकिडवा बसला होता. "वळणावर काही आवाज?" त्याने विचारलं.

"टक्क असं एकदा. गिअरचा असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात झेंडेवाल्याची शिट्टी झाली, भिंगरीने हेल्मेट चढवलं आणि गाडी हळूहळू रांगेकडे नेली. तिच्या पुढे दोन गाड्या होत्या. थोरला चाकांची हवा बघायचं यंत्र परत करायला शेजारच्या तंबूत गेला.

मी पाण्याची बाटली उचलायला वाकले आणि जमिनीवर डाग दिसला. रुपयाएवढा, काळपट, ताजा. बोट लावलं, नाकाशी नेलं. इंजिन ऑइलचा वास वेगळा आणि गिअर ऑइलचा वेगळा. गिअर ऑइल सडक्या लसणासारखं नाकात चढतं. हा वास भोपळ्याच्या तेलाचाच होता. आणि डाग होता तिथेच मघाशी गाडीचा मागचा भाग होता.

झाकण सकाळी मी स्वतः पुसून बघितलं होतं, कोरडं ठणठणीत. झाकणातून तेल यायचं तर झाकणच तडकायला हवं, आणि झाकण तडकायचं तर कानापाशी. थोरला सकाळी काय सांगत होता ते आता माझ्या डोक्यात गेलं. पाय दाबला की भोपळा पुढून नाक वर करतो. पुढची दोन रबरं दबतात, त्याला हलू देतात. मागचं कडक, ते हलत नाही. मग सगळा पीळ एकट्या कानात. लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवताना खालचे दोघे डळमळले आणि वरचा ताठ उभा राहिला, तर मनगट वरच्याचंच मोडतं. हे मला कळलं नसतं असं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

आणि ते तेल उडणार कुठे? मागच्या चाकावर. माझ्या डोळ्यांपुढे तो पडलेला कठडा आला.

मी धावले. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरतायत, पदर खांद्यावरून सुटलेला. एक गाडी गेली. दुसरी पुढे सरकली. "अहो!" मी ओरडले, पण इंजिनांच्या आवाजात मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. दुसरीही गेली. भिंगरी रेषेवर आली. झेंडेवाल्याने झेंडा वर धरला.

मी सरळ गाडीच्या पुढे जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"बाई! वेड लागलंय का? बाजूला व्हा!" झेंडेवाला किंचाळला.

"झेंडा खाली कर आधी."

"इथे मधे कुणी यायचं नसतं. पट्टीच्या मागे व्हा, नाही तर गाडी बाद करतो."

"कर बाद. तेवढ्यासाठीच आलेय."

भिंगरीने काच खाली केली. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि ते पेटलेले. "आई, बाजूला हो. मला फक्त ही एक फेरी हवीये. एक!"

"उतर."

"दादाने पाठवलं ना तुला? सकाळपासून त्याचं चाललंय. तूच म्हणालीस ना टिकेल म्हणून?"

"म्हणाले."

"मग?"

मागे गाड्या हॉर्न मारत होत्या. संघाचा माणूस घड्याळ हातात धरून आमच्याकडेच बघत होता. पायाखालची जमीन गाडीच्या घरघरीने थरथरत होती. ती इंजिन बंद करत नव्हती, आणि तिचा पाय पेडलवरच होता.

"मी चुकले," मी म्हणाले.

तिला ऐकू गेलं नसावं. मी खिडकीशी गेले, आत डोकं घातलं आणि ओरडून सांगितलं. "मी चुकले! झाकण तडकलंय. माझ्यामुळे तडकलंय. दादा सांगत होता, मीच त्याचं तोंड बंद केलं. उतर गं बाई, हात जोडते."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हात लांब करून चावी फिरवली.

गाडी ढकलत बाजूला घेतली. थोरला धावत आला, काही न विचारता खाली झोपला आणि बॅटरीचा उजेड मारला.

"बघायचंय?" त्याने विचारलं.

भिंगरी गुडघ्यांवर बसली, मीही बसले. कानाच्या मुळापासून झाकणावर एक रेघ गेली होती, केसापेक्षा थोडी जाड. थोरल्याने कानाला धरून अंगठ्याने जरा रेटलं. रेघ उघडली आणि त्याच्या मनगटावरून तेल ओघळलं. डाव्या टायरची आतली बाजू ओली झालेली होती.

संघाचा माणूस येऊन वाकून बघून गेला. "दोन फेऱ्या उत्तम होत्या," तो भिंगरीला म्हणाला. "पण मला तीन लागतात. पुढच्या वर्षी या." चांगला माणूस असावा. मला तो त्या क्षणी अजिबात आवडला नाही.

भिंगरी बराच वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन दगडावर बसून होती. मी जवळ गेले.

"दादाने सकाळी तोंड उघडलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग ऐकलं का नाहीस?"

उत्तरं माझ्याकडे ढीगभर होती. वेळ नव्हता. तुम्ही दोघं हटून बसला होतात. तीस वर्षांत असं कधी झालं नाही. सगळी ओठांवर आली आणि सगळी मी गिळली.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले, "आणि माहीत नाही असं तुमच्यासमोर म्हणवत नव्हतं."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. उठली, पाठ झटकली. "मी आणि दादा पुढे बसतो. तू मागे बस."

आमच्या टेम्पोच्या हौद्यात गाडी चढवून बांधली होती, तिच्या शेजारी जुन्या टायरवर मी बसले. केबिनची मधली काच बंद होती. रस्ताभर दोघांची डोकी एकमेकांकडे वळलेली दिसत होती. भिंगरी तीन बोटं दाखवत होती, माउंटांचंच असणार, थोरला मान हलवत होता, मग तो काहीतरी म्हणाला आणि तिने त्याच्या दंडावर फटका मारला. एकदा मी काचेवर टकटक करायला हात उचललासुद्धा. मग खाली घेतला आणि गाडी हलू नये म्हणून दोरी घट्ट धरून बसले.