धुपाटण्यानं न दिलेली साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं मातीचं धुपाटणं आहे. माझं वय सतराशेच्या पुढे गेलं, तेव्हापासून मी मोजायचं सोडून दिलं. 'तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं' अशी तुमच्यात म्हण आहे म्हणे. ती ऐकल्यापासून माझा जरा रुसवाच आहे. पण चौकशा करायची माझी खोड काही गेलेली नाही.

इंग्लंडवर रोमन लोकांचं राज्य होतं तेव्हा एका कुंभारानं मला घडवलं आणि माझी नेमणूक थेट न्यायालयात झाली. तिथे मला सम्राटाच्या पुतळ्यापुढे ठेवत. धूप टाकायला येणारे माझं कौतुक करत आणि मीही भाव खात असे. एकदा एका विणकर बाईला पकडून आणलं. मला वाटलं, चोरीबिरी केली असेल. छे! कुणाचा सुताचा तुकडाही तिनं उचलला नव्हता. ती ख्रिस्ती आहे, सम्राटाला देव मानून धूप जाळत नाही, एवढाच आरोप. न्यायाधीश काही दुष्ट नव्हता. त्याला जेवायला जायची घाई होती, इतकंच. "चिमूटभर धूप टाक आणि घरी जा," तो म्हणाला. त्यानं तीनदा सांगितलं, ती तीनदा नाही म्हणाली. शिपाई तिला घेऊन गेले आणि ती पुन्हा कधी दिसली नाही. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला. चिमूटभर धुपापायी कुणी जीव देतं का? हा प्रश्न माझ्या पोटात तसाच राहिला.

पुढे ते राज्य गेलं आणि मला मातीनं पोटात घेतलं. शेकडो वर्षांनी एका नांगरानं मला वर काढलं. मग एका संग्रहालयानं अंगावर आकडा लिहून फडताळात ठेवलं आणि साफ विसरून गेलं. २००६ साली वॉटफर्डच्या एका शाळेनं रोमन लोकांचा धडा शिकवायला मला आठवडाभरासाठी मागून नेलं, तेव्हा कुठे उजेड दिसला.

वर्गात मला बघताच अक्षया नावाची मुलगी ओरडली, "मिस, आमच्या घरी सेम असंच आहे! त्याला धुपाटणं म्हणतात. मम्मा रोज त्यात धूप जाळते." केवढा आनंद झाला मला! इतक्या वर्षांनी कुणीतरी घरचं भेटलं होतं.

शुक्रवारी सकाळी माझ्या पोटात जळक्या कागदाची राख सापडली आणि काठाला नवी चीर. मला पेटवायला सक्त मनाई होती. वर्गशिक्षिका मिस हॅरिस यांनी सगळ्या मुलांवरून नजर फिरवली. ती अक्षयापाशी येऊन थांबली.

दुपारी शाळा सुटल्यावर अक्षयाच्या आईला, स्वातीला, बोलावून घेतलं. ती पुण्याहून नोकरीसाठी आलेली. टेबलावर मधोमध मी, एका बाजूला मिस हॅरिस, दुसऱ्या बाजूला मायलेकी.

"फक्त सॉरी म्हण, अक्षया, की विषय संपला," मिस हॅरिस म्हणाल्या. "नाहीतर सोमवारच्या नाटकातलं राणीचं काम मला दुसरीला द्यावं लागेल."

त्या कामासाठी अक्षया दोन आठवडे पाठांतर करत होती. स्वाती तिच्याकडे झुकून मराठीत म्हणाली, "म्हणून टाक ना बाळा. एक वर्ड तर आहे. आपल्याला इथे राहायचंय, उगाच इश्यू नको."

"पण मम्मा, मी नाही केली ते. मग सॉरी कशाला?"

"अगं, म्हणून टाक."

"नाही."

मला धडकी भरली. हे 'नाही' माझ्या ओळखीचं होतं.

मिस हॅरिसनी पुन्हा समजावलं. अक्षयानं बाहीनं डोळे पुसले आणि उलट विचारलं, "मिस, मीच केलं, हे तुम्हाला कसं कळलं?"

बाई अडखळल्या. "म्हणजे... तुमच्या घरी रोज धूप जाळतात ना."

इतका वेळ खाली असलेली स्वातीची मान वर झाली. "आमच्या घरी काय जाळतात ते राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या मुलीनं काय केलं ते सांगा. तिला कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मिस हॅरिसचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "सॉरी मी म्हणायला हवं, अक्षया." आणि म्हणाल्याही. सोमवारी राणी अक्षयाच झाली. त्या विणकर बाईवरचा माझा राग त्या दुपारीच गेला. तिला ओळखायला मला फारच वेळ लागला, याचं वाईट वाटतं.

आता तुम्ही विचाराल, मग तुला पेटवलं कुणी? मला ठाऊक आहे. काडी ओढताना त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब होतं. पण मित्रांनो, मी सांगणार नाही. नाव ऐकलंत की तुम्ही लगेच म्हणाल, "तरीच! त्यांच्यातला ना तो?" हे 'तरीच' मी न्यायालयात फार ऐकलंय. तुमच्या तोंडून ते जाईल, त्या दिवशी मला विचारा. मी नाव सांगेन.