चित्र पुरं होईपर्यंत

केतकी हुक्केरीने मिरजेच्या मंडईत पहिलं चित्र काढायला घेतलं, तेव्हा समोर कोथिंबीर विकणाऱ्या गौराक्का हलायच्या थांबल्या, आणि चित्र पुरं होईपर्यंत हलल्या नाहीत. हातात जुडी, जुडीवरून ओघळलेला पाण्याचा थेंब अंगठ्याखाली लोंबकळत राहिलेला. डोळे आणि तोंड तेवढं चालू होतं.

"पाय आखडला गं माझा," गौराक्का म्हणाल्या. "किती वेळ?"

"झालंच," केतकी म्हणाली. पण झालं की नाही हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. तिला वाटायचं झालं, आणि गौराक्का तशाच. तासाभराने नाकपुडीची एक बारीक रेघ बरोबर पडली, तसा तो थेंब जमिनीवर पडला. गौराक्कांनी जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली आणि पाय चोळत बसल्या.

केतकीने पाडव्याला फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी सोडली होती. दोन वर्षं तिने पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक केले होते, आता तिला स्वतःची चित्रं काढायची होती. कामं येत नव्हती. हात चालता राहावा म्हणून ती मंडईत येऊन बसायची. तिचे वडील, अप्पा, साखर कारखान्यात टाइमकीपर होते, नुकतेच निवृत्त झालेले. नोकरी सोडल्याच्या दिवसापासून ते तिच्याशी थेट बोलत नव्हते. "तिला सांग, जेवून घे म्हणावं," असं आईला सांगायचे, आणि केतकी समोरच बसलेली असायची.

मंडईला सवय झाली. ती दिसली की घाईत असलेली माणसं पलीकडच्या गल्लीने जायची. एकदा चहावाल्या रफीकभाईंची करंगळी तिने खोडली, तर खरीही गेली. रफीकभाई हाताकडे बघत म्हणाले, "बेटा, परत काढ." तिने काढली. त्या दिवशी तिला घरी जेवण गेलं नाही.

मग खानावळ काढणारे कडोलकर आले. त्यांना नव्या खानावळीच्या भिंतीसाठी अख्खी मंडई हवी होती, एका मोठ्या कागदावर.

"माणसं नसली तर चालतील का?" केतकीने विचारलं.

"माणसांशिवाय मंडई म्हणजे गोदाम," कडोलकर म्हणाले.

तिचं ते पहिलंच काम होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाली. गौराक्कांनी सगळ्यांना समजावलं. "एक दिवस बसू की. पोरीचं काम होतंय." मंगळवारी बाजार कमी असतो, म्हणून मंगळवार ठरला.

सकाळी आठला तिने कागदभर सगळ्यांच्या नुसत्या खुणा केल्या, कुठे कोण ते कळण्यापुरत्या, आणि मंडई थांबली. तराजू तिरके राहिले. रफीकभाईंच्या किटलीतून निघालेली चहाची धार कपाच्या वर तशीच उभी राहिली. इतकी शांतता तिने तिथे कधी ऐकली नव्हती. कागद फाडून टाकला तर काय होईल, हा विचार तिच्या मनात एकदाच आला. तो तिने कुणाला सांगितला नाही.

ती एकेक माणूस पुरं करत गेली. पुरं झालेलं माणूस उठायचं, आळस द्यायचं आणि तिच्या पाठीमागे येऊन उभं राहायचं. दुपारी तीनपर्यंत सगळी मंडई तिच्या पाठीशी होती. मानेवर त्यांचे श्वास लागत होते.

"एक राहिलाय," गौराक्का म्हणाल्या.

फाटकाजवळ सकाळी तिने चार रेघांत कुणीतरी पिशवीवाला उभा केला होता. तिने मान वर केली. ते अप्पा होते. एक पाय पुढे, टाच उचललेली.

"अप्पा, तुम्ही कधी आलात?"

"आठला. आईने डबा दिलाय," अप्पा म्हणाले. "मला घाई नाही."

सदरा, पिशवी, चपला लगेच झाल्या. चेहरा होईना. पहिला झाला तो कुणा परक्या माणसाचा. तिने खोडला, पुन्हा काढला, पुन्हा परकाच. समोर बघून काढत होती, तरी हातात येत होतं ते दुसरंच. घरी ती त्यांना बघायची ते वर्तमानपत्राच्या मागे, किंवा पाठमोरे.

"भुवया जाड कर," पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

"कान खाली घे."

प्रत्येक वेळी खोडलं की अप्पांचं तेवढं जायचं, आणि काढलं की तिने काढलेलं यायचं. आता त्यांच्या चेहऱ्यावर तिच्या चुकलेल्या भुवया होत्या. डोळ्यांना तिने हात लावला नव्हता. ते तिच्याकडेच बघत होते. गालावर कागद खरखरीत झाला, त्याचे तंतू सुटले. फाटकातून वारा आला, तसे अप्पांच्या गालावरूनही पांढरे तंतू उडाले. उन्हात गाल पातळ दिसायला लागला, त्यातून पलीकडचं फाटक अंधूक दिसत होतं.

"अप्पा, दुखतंय का?"

"नाही."

गालाला आता रबर लावायचं नव्हतं, एकदाही नाही. तिने ओठांकडे बघितलं. ते घट्ट, रागीट झाले होते. ते नक्कीच चुकले होते. तिने रबर टेकवलं.

"केतकी," अप्पा म्हणाले. त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. "मी तुला सांगायचं म्हणत होतो, तू हे जे—"

हात तोवर फिरला होता.

मिशीच्या खाली सपाट कातडी होती. अप्पांचे डोळे तिच्यावर होते, वाट बघत. वाक्याचा उरलेला भाग त्यांच्या गळ्यात वर येऊन थांबलेला तिला दिसत होता.

केतकीने पेन्सिल कागदाला टेकवली. तोंड उघडं काढायचं की मिटलेलं, तिला कळेना.