गोळ्याखालचा पत्रा

ओडवारच्या डोळ्यांसमोर तार पुन्हा ढिली पडली. जहाज लाटेबरोबर खाली गेलं, पण तारेला टांगलेला पाणबुड्यांचा पोलादी गोळा काही त्या वेगाने खाली जाईना. मग जहाज उसळलं आणि तारेला असा हिसका बसला की डेकवरची माणसं कप्पीपासून लांब पळाली. तारेचे बाहेरचे पीळ तुटायला लागले होते.

गोळ्यात दोघे होते, स्टाइनार आणि ओडवारचा धाकटा भाऊ यारले.

हे दुखणं ओडवारने स्वतःच ओढवून घेतलं होतं. गोळ्याखाली उभं राहायला पूर्वी जाळी असायची. तिच्यात बूट अडकतात म्हणून यारलेने सबंध पत्रा मागितला, आणि इंजिनियरसाहेबांनी, म्हणजे ओडवारनेच, आईच्या स्वयंपाकघरात वाफल खाता खाता होकार भरला. खरं तर ट्रॉन्हाइमच्या चाचणीच्या हौदात लाटा उठवून नमुना हलवून बघायला हवा होता, पण तिथे नंबर लागेना. जाळीतून पाणी निसटतं, पत्रा मात्र भोवतालचं ढीगभर पाणी सोबत घेऊन हलतो. हे ओडवारला झोपेतही सांगता आलं असतं. पण घरचा माणूस मागतोय म्हटलं की भलेभले डोळे मिटून सही करतात.

पत्र्यासकट वर ओढावं, तर तार तुटणार. वादळ ओसरेपर्यंत खाली थांबावं, तर हिसक्यांनी गरम पाण्याची नळी फाटली होती. उत्तर समुद्राच्या तळाशी त्या पाण्याविना माणूस गारठून मरतो.

"पत्रा सोडावा लागेल," ओडवार माइकमध्ये म्हणाला. "बाहेर येऊन, खालून."

"मीच मागितला, मीच सोडतो." खोल पाण्यात श्वासाला दिलेल्या हेलियमने यारलेचा आवाज बदकासारखा झाला होता. "आईला सांगू नकोस हं. मोठा म्हणून तुलाच झोडपेल."

"श्वासाची नळी सांभाळ. पत्र्यात अडकू देऊ नकोस."

"बरं, मास्तर."

एकेक बोल्ट निघत गेला. प्रत्येक हिसक्यासरशी यारले कण्हायचा, शिवी हासडायचा, पुन्हा पाना लावायचा. ओडवार देवाला मानत नव्हता, तरी त्याने हात जोडले होते. मग खालून खणकन आवाज आला आणि यारलेचा श्वास ऐकू येईनासा झाला.

बाहेर तार शांत झाली. डेकवर कुणीतरी टाळी वाजवली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

"पत्रा त्याची नळी घेऊन गेला," स्टाइनार म्हणाला. "मी ओढली तर तुटकं टोक हाती आलं. तो दिसत नाही."

मुकादम हालवरने तार ओढणाऱ्या विंचकडे पाहिलं, मग ओडवारकडे. हुकूम द्यायचा हक्क त्याचाच होता, पण त्याची जीभ रेटेना.

"थांब," ओडवार म्हणाला. "येईल तो."

"श्वासाविना?"

"थांब म्हणतो ना."

ते थांबले. स्पीकरमधून स्टाइनारचे दात वाजत होते.

"मी दिवा बाहेर धरलाय," तो म्हणाला. "पण माझे हात आता चालत नाहीत, ओडवार."

स्टाइनारलाही घर होतं.

"गोळ्याचं खालचं झाकण लाव, स्टाइनार."

"तू सांगतोस म्हणून लावू?"

"हो. मी सांगतो म्हणून."

झाकण बसल्याचा आवाज आला. विंच सुरू झाली, आणि गोळा एकही हिसका न खाता वर येऊ लागला.