दुसरा फटका

जावयानं घरच्या घरी गाडी बनवायला घेतली होती. स्कूटरचं इंजिन, चार चाकं आणि मागे माल ठेवायला पत्र्याचा हौदा. अडली होती ती पेट्रोलची टाकी. पत्रा त्यानं स्वतः वाकवला, तोटीही कुठूनशी पैदा केली. राहिलं होतं टाकीचं तोंड, कुलपाच्या झाकणासकट. ते भंगारवाल्याकडे एका जुन्या मोटारीच्या टाकीवर सापडलं.

बदल्यात भंगारवाल्याला रद्दी हवी होती. जावई घरी आला आणि माझी पुस्तकं पोत्यांत भरू लागला. वाचून झालीत ना सगळी, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. झालीच होती. नाही म्हणायला मला जरा वेळ लागतो, आणि तोवर दोन्ही पोती शिवून झाली होती.

भंगाराच्या अड्ड्यावर पोती वजनकाट्यावर चढली. एक उसवलं, तेव्हा सांडलेली पुस्तकं भंगारवाल्यानं पायानं आत लोटली. जावई हसला. मीही हसलो असेन.

मग जावयानं पत्रा कापायची गॅसची बत्ती मागितली. तोंड तिथेच कापून न्यायचं होतं. टाकी त्यानं हलवली, उपडी केली. थेंबही पडला नाही.

पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ राहते, कापण्याआधी तिच्यात पाणी भरतात, असं मी वाचलं होतं. बहुधा त्याच पोत्यांतल्या एका पुस्तकात. पण कुठल्या ते आठवेना, आणि खात्री नसताना बोलायची मला सवय नाही. तरी मी बोललो. दोनदा बोललो. भंगारवाला म्हणाला, काकांना तहान लागलेली दिसते. जावयानं बत्ती पेटवली, टाकीसमोर उकिडवा बसला आणि ज्योत बारीक केली.

माझ्या पायाशी हातभर लांबीचा पाना पडला होता. तो मी उचलला आणि जावयाच्या मनगटावर हाणला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. बत्ती मातीत जाऊन पडली. मी पुन्हा हाणला, त्याच जागी.

जावई गुरासारखा ओरडत लोळला. भंगारवाल्यानं आधी गॅस बंद केला, मग माझ्याकडे वळला. पहिल्याच ठोशात माझा दात निखळला. मी खाली पडल्यावर त्यानं बरगड्यांत लाथा घातल्या. माझं तोंड मातीत होतं आणि एकच विचार डोक्यात घुमत होता: टाकी खरंच कोरडी असली तर?

दम लागल्यावर तो थांबला. टाकी कोरडीच आहे, म्हाताऱ्याला दाखवतोच, म्हणाला. जावयाला त्यानं भिंतीआड बसवलं, मलाही कॉलर धरून तिथे ओढलं. लांब पाइपाच्या टोकाला चिंधी गुंडाळली, पेटवली आणि भिंतीआडून हात काढून टाकीच्या तोंडाशी नेली.

कानठळ्या बसल्या. टाकीची एक बाजू सुटली, जावई जिथे उकिडवा बसला होता त्या जागेवरून गेली आणि काट्याच्या खांबात रुतली. पाइप भंगारवाल्याच्या हातातून उलटा फिरला. त्याचा कान फाटून मानेवर लोंबत होता. पोत्यांवर ठिणग्या पडल्या होत्या. कोणी विझवल्या नाहीत.

दवाखान्यात जावयाचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. मुलगी डबा आणायला घरी गेली.

"मामा, पहिल्या फटक्यातच बत्ती पडली होती," तो म्हणाला. "दुसरा कशाला?"

घाबरलो होतो, हात थांबला नाही, असं सांगता आलं असतं. त्यानं मानलंही असतं. कदाचित ते खरंही असेल. मला अजून नक्की सांगता येत नाही. पण तेव्हा तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पुस्तकांसाठी."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या सुजलेल्या ओठांकडे, रक्ताळलेल्या सदऱ्याकडे.

"मग डाव्या हातावर हाणायचं होतं," तो म्हणाला. "उजव्यानं जेवतो मी."

मुलगी दारात उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. आत येऊन तिनं डबा उघडला, घास कालवला आणि ताटली माझ्या मांडीवर ठेवली.

"भरवा आता," ती म्हणाली.