दोऱ्याला बांधलेलं बटण

१९६४ साली अकरा माणसांची मालवाहू बोट वादळात बेपत्ता झाली, तेव्हा बंदर कचेरीसमोर रोज दोन रांगा लागत. एक कारकुनाच्या खिडकीपाशी. तिथे उत्तर ठरलेलं, "अजून काही कळलं नाही." दुसरी समोरच्या पायऱ्यांवरच्या दोरेबाबापाशी. तिथे लगेच कळे, म्हणून ती रांग लांब.

बेपत्ता माणसाच्या सदऱ्याचं बटण दोऱ्याला बांधायचं आणि त्याच्या फोटोवर धरायचं. गोल फिरलं तर जिवंत, सरळ झुललं तर संपलं.

"मी काही करत नाही हो माई! दोरा तुमचा, हात तुमचा, आमचं नुसतं बसणं," बाबा म्हणे. बसायला मात्र त्याला गादी लागे.

त्या बोटीवरच्या एका खलाशाची बायको शिलाईवाली होती; तिच्या हातात नवऱ्याचं बटण गरगर फिरलं. सासूबाईंच्या हातात तेच बटण सरळ झुललं.

"जीव अधांतरी आहे. रोज या," बाबाने निकाल दिला.

घरात सासूबाई मुलाचे कपडे गाठोड्यात बांधू लागल्या. सून गाठोडं सोडून ते पुन्हा खुंटीला लावी.

"खोट्या आशेवर किती दिवस राहशील गं?"

"तुम्हाला तो मेलेलाच हवाय!"

बोलून गेली आणि शिलाईवालीला स्वतःचीच लाज वाटली. एकोणीस रात्री झोप नव्हती. आता रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

सासूबाईंना झोपेचं औषध हवं म्हणून दोघी दवाखान्यात गेल्या. पुड्या बांधता बांधता कंपाउंडरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हा तराजू मी आकड्याला का टांगलाय, माहीत आहे? हातात धरला तर कधी स्थिर राहत नाही. हात हलतो आणि आपल्याला कळतही नाही. द्या ते बटण."

त्यांनी ते आकड्याला टांगलं, खाली फोटो ठेवला. बटण थोडं डुललं आणि थांबलं. थांबलं ते थांबलंच.

"बाबा म्हणेल, लोखंडाला माया नसते," शिलाईवाली पुटपुटली.

"बरं, मग तुम्ही धरा." बाईंनी फोटो उचलला, पाठ वळवून कागदाची घडी घातली आणि ती पुढे ठेवली. बटण गरगर फिरू लागलं. बाईंनी घडी उलगडली. आत खोकल्याच्या औषधाचं लेबल. फोटो त्यांच्या खिशात होता.

"घ्या! खोकल्याचं औषध जिवंत आहे."

शिलाईवालीला हसू आलं, आणि मग ते आवरेना. सासूबाई मात्र आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माझ्याच हातानं त्याला..."

"तो हात भीतीनं हलला, आजी. त्यानं समुद्रात काही घडत नाही."

"मग आता विचारायचं कुणाला?"

"त्या खिडकीतल्या कारकुनाला. आणि रात्री जीव घाबरला, तर एकमेकींना हाक मारा."

घरी येऊन सुनेने सुईत दोरा ओवून दिला. सासूबाईंनी बटण सदऱ्यावर पुन्हा शिवलं.

चौतिसाव्या दिवशी खिडकीतून बातमी आली. सात जण जिवंत सापडले होते. तो त्यांत नव्हता. "आईच्या हातानं सांगितलंच होतं!" बाबा पायऱ्यांवरून ओरडला. मुलगा परतला असता, तर बाबाने बायकोचा हात पुढे केला असता. दोन्हीकडून खरा ठरणारा माणूस काहीच सांगत नसतो, एवढं ध्यानात ठेवावं. पुढे बाबा दुसऱ्या बंदरावर गेला. तिथेही बोटी बुडतच होत्या.

कंपाउंडरबाई म्हातारपणापर्यंत पुड्या बांधत राहिल्या. सासूबाई आणखी अकरा वर्षं जगल्या, सुनेच्याच घरी. तो सदरा अजून खुंटीला आहे. सगळी बटणं जागच्या जागी.